व्हर्जन कंट्रोल पहिल्या सत्रापासून शिकवा: अभ्यास मंडळांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
संगणक अभियांत्रिकी, माहिती तंत्रज्ञान आणि संगणकशास्त्र अभ्यास मंडळे,
महाराष्ट्रातील विद्यापीठे

सादर नमस्कार, विनंती विशेष.

संगणकाच्या पदवी अभ्यासक्रमात व्हर्जन कंट्रोल (कोडमधला प्रत्येक बदल नोंदवण्याची आणि अनेकांचे बदल जोडून घेण्याची पद्धत) पहिल्या सत्रापासून यावं, आणि प्रत्येक प्रॅक्टिकल करण्याची रीत म्हणून यावं, ही एकच मागणी घेऊन हे पत्र लिहिते आहे. मी पुण्यात सॉफ्टवेअर डेव्हलपर आहे. गेली काही वर्षं सुट्टीच्या दिवशी कॉलेजांमध्ये जाऊन गिट हे व्हर्जन कंट्रोलचं साधन शिकवते. त्यात शहरातली अभियांत्रिकी कॉलेजं आहेत, तालुक्याच्या गावातली बीसीए-बीएस्सीची कॉलेजं आहेत आणि तंत्रनिकेतनंही आहेत. तिथल्या लॅबमध्ये जे पाहिलं, त्यावरून बोलते आहे.

शिकवण्याकडे मी ऑफिसमधून वळले. आमच्या टीममध्ये आधी सबव्हर्जन हे जुनं साधन होतं, पुढे गिट आलं. नव्याने रुजू झालेली मुलं-मुली माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहत. हुशार असत. डेटा स्ट्रक्चर पक्कं, एसक्यूएल पक्कं, इंटरव्ह्यूच्या चार फेऱ्या पार करून आलेली. तरी पहिल्याच आठवड्यात अडत. ‘पुश रिजेक्ट होतंय, काय करू?’ म्हणजे आपला बदल टीमच्या सामायिक कोडकडे पाठवला की तो नाकारला जायचा. मी दोन कमांड सांगायचे, ती वहीत उतरवून घेतली जायची, आणि वेगळा एरर आला की वही उपयोगी पडायची नाही. कमांडची यादी कितीही लांबवली तरी त्यातून समज तयार होत नव्हती. मग मी कमांड सांगणं थांबवलं आणि कागदावर चित्र काढू लागले: प्रत्येक कमिटचा, म्हणजे नोंदवलेल्या बदलाचा, एक ठिपका, त्या ठिपक्यातून आधीच्या कमिटकडे जाणारा बाण, आणि ब्रँचचं (कामाच्या वेगळ्या फांदीचं) नाव ज्या ठिपक्याकडे बोट दाखवतं तो ठिपका. ‘आता तू कुठे उभा आहेस ते यावर दाखव,’ एवढंच विचारायचे. बहुतेक वेळा ते दाखवता दाखवताच त्याला पुढची कमांड सुचायची.

त्या काळात एक गोष्ट सारखी जाणवत होती. या मुलांनी चार वर्षं कोड लिहिला होता, पण दुसऱ्या माणसाबरोबर एकाच कोडवर काम कधीच केलं नव्हतं. गिटशी त्यांची पहिली गाठ पडत होती ती नोकरीत, सगळ्या टीमच्या कोडवर, आपल्या हातून काही बिघडेल या धास्तीत. शिकण्यासाठी याहून वाईट जागा नाही. ओळखीच्या एका प्राध्यापकांनी त्यांच्या कॉलेजात बोलावलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं, आणि तिथून हे सुरू झालं.

कॉलेजात गेले की पहिला प्रश्न मी नेहमी हाच विचारते: तुमच्या प्रोजेक्टचा कोड आत्ता कुठे आहे? बहुतेक ग्रुपकडून उत्तर येतं, ‘त्याच्या लॅपटॉपवर.’ चार जणांच्या ग्रुपमध्ये ज्याचा लॅपटॉप बरा, किंवा ज्याला कोडिंग येतं असं सगळे म्हणतात, त्याच्याकडे प्रोजेक्ट असतो. बाकीचे कधीतरी व्हॉट्सॲपवर झिप मागवतात. झिप उघडून काही बदल करेपर्यंत मूळ कोड पुढे गेलेला असतो, आणि यांचा बदल जुन्या प्रतीत पडून राहतो. असं दोन-तीनदा झालं की बाकीचे नाद सोडतात. मग कामाची वाटणी ठरते: एक जण कोड, एक जण रिपोर्ट, एक जण पीपीटी, आणि एक जण छपाई-बाइंडिंगची धावपळ. यातलं रिपोर्ट आणि पीपीटी फार वेळा मुलींच्या वाट्याला येतं. त्यांना कोड येत नाही असा समज आपोआप पसरतो. खरं तर कोड त्यांच्या मशीनवर पोहोचलेलाच नसतो.

हे मला या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून इथे थोडं थांबते. व्हर्जन कंट्रोलकडे आपण नोकरीसाठी लागणारं एक कौशल्य म्हणून पाहतो, आणि ते आहेच. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाच्या २०२२ च्या डेव्हलपर सर्वेक्षणात उत्तर देणाऱ्यांपैकी सुमारे ९४ टक्के लोक गिट वापरत होते. पण कॉलेजच्या चार वर्षांतच त्याचा याहून मोठा उपयोग आहे. चौघांकडे कोडची पूर्ण प्रत असली आणि प्रत्येकाचा बदल जोडून घेण्याची खात्रीची पद्धत असली, तर चौघंही कोड लिहितात. एका तंत्रनिकेतनात आम्ही दुसऱ्या वर्षाच्या वर्गाचे मायक्रोप्रोजेक्ट असे करून घेतले. आधीच्या सत्रात फक्त रिपोर्ट टाइप करणाऱ्या एका मुलीने लॉगिनच्या पानातली चूक शोधली, वेगळ्या ब्रँचवर दुरुस्त केली आणि ग्रुपसमोर मांडली. ग्रुपमधल्या मुलांनी ती ओळीओळीने वाचून स्वीकारली. तिच्यात एका आठवड्यात नवं काही आलं नव्हतं. तिला कोडपर्यंत जायला वाट मिळाली होती, इतकंच.

ओरलला एक्सटर्नल विचारतात, ‘यात तू काय केलंस?’ आज त्याचं उत्तर तोंडीच द्यावं लागतं, आणि जो बोलण्यात चलाख तो निभावून नेतो. प्रोजेक्टचा इतिहास समोर उघडता आला तर कोणता भाग कुणी, कधी, कोणत्या कारणाने बदलला हे परीक्षकांना दिसेल. मात्र एक कळकळीची विनंती आहे: कमिटच्या संख्येवर गुण देऊ नका. तसं केलं की मुलं एकेक स्वल्पविराम बदलून कमिट करतील आणि ही सवय जन्माआधीच बिघडेल. परीक्षकांनी कोणताही एक कमिट उघडावा आणि तो करणाऱ्याला विचारावं, हा बदल का केलास? दोन मिनिटांत कळतं.

आता जर्नलबद्दल. प्रॅक्टिकल झालं की प्रोग्रामची प्रिंट, आउटपुटचा स्क्रीनशॉट, निष्कर्ष, तारीख आणि सही. टर्मवर्कचे गुण त्यावर. ही जर्नल्स एकमेकांची पाहून उतरवली जातात हे वर्गातल्या प्रत्येकाला माहीत असतं, शिक्षकांनाही. ती उतरवता येतात, कारण जर्नलमध्ये फक्त शेवटचा, चालणारा प्रोग्राम असतो. तो कसा चालायला लागला याचा मागमूस नसतो. शिकणं तर त्या मधल्या भागातच घडतं: आधी लूप एकदा जास्त फिरला, मग अट बदलली, मग रिकाम्या इनपुटवर कोसळला, मग तेही सावरलं. पहिल्या सत्रातल्या सी किंवा पायथनच्या लॅबपासून प्रत्येक विद्यार्थ्याची एक रिपॉझिटरी (इतिहासासकट कोड ठेवण्याची जागा) असावी, प्रत्येक प्रॅक्टिकलचं त्यात एक फोल्डर असावं, आणि शिक्षकांनी त्याचा इतिहास पाहून सही करावी. त्यातही कॉपी होईल, मला कल्पना आहे. पण चुकत चुकत पुढे गेलेल्या कामाचा इतिहास उसना आणणं हे स्वतः काम करण्यापेक्षा फारसं सोपं नसतं.

जिथे मी गेले त्यातल्या काही ठिकाणी गिट अभ्यासक्रमात होतं. शेवटच्या वर्षाच्या एखाद्या ऐच्छिक विषयात, एका प्रॅक्टिकलपुरतं: इन्स्टॉल करा, खातं उघडा, या सात कमांड चालवा, स्क्रीनशॉट लावा. मुलांनी ते केलेलं असतं. प्रोजेक्ट मात्र तरीही त्या एका लॅपटॉपवरच असतो, कारण सातव्या-आठव्या सत्रापर्यंत झिप पाठवण्याची सवय हाडात मुरलेली असते. शिवाय मॅन्युअल लवकर जुनी होतात. गिटहब या रिपॉझिटरी ठेवण्याच्या संकेतस्थळाने १३ ऑगस्ट २०२१ पासून पुश करताना खात्याचा पासवर्ड घेणं बंद केलं, आता टोकन किंवा एसएसएच की अशी वेगळी ओळख लागते. पासवर्ड टाका असं सांगणारी मॅन्युअल मी त्यानंतरही लॅबमध्ये पाहिली आहेत. पासवर्ड बरोबर, तरी नकार. वर्गातली निम्मी वेळ तिथेच जाते, आणि मुलांच्या मनात बसतं की गिट म्हणजे कटकट.

कसं शिकवावं याबद्दल माझं मत आता पक्कं झालं आहे: आधी आत काय आहे ते दाखवावं, कमांड नंतर. माझ्या वर्गाचा पहिला तास असा असतो. सगळ्यांनी एका फाइलमध्ये एकच शब्द लिहायचा आणि गिटला तिचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेली खूण, विचारायचा. प्रत्येकाच्या पडद्यावर तेच ४० अक्षरांचं उत्तर येतं. मग कुणीतरी एकाने शब्दापुढे एक स्पेस द्यायची. उत्तर संपूर्ण बदलतं. मजकुरावरूनच नाव ठरतं, हे तिथल्या तिथे पटतं. एकदा ‘दुसऱ्या’ हा शब्द दिला तर दोन मुलींचे हॅश वेगळे आले. पडद्यावर शब्द हुबेहूब सारखे. शोधलं तेव्हा दिसलं की त्यांच्या कीबोर्डांनी अर्धा र वेगवेगळ्या युनिकोड चिन्हांनी लिहिला होता. डोळ्यांना न दिसणारा फरक गिटने पकडला, आणि मराठी मजकुरावर काम करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी छळणारी अडचण वर्गाला पहिल्याच तासाला भेटली.

त्यानंतर गिट सगळी माहिती ठेवतं तो लपलेला डॉट-गिट फोल्डर उघडायचा. आत शिरत जाऊन मेन ब्रँचची फाइल वाचायची. तिच्यात एका कमिटचा हॅश असतो, बाकी काही नाही. ब्रँच म्हणजे कोडची आणखी एक अख्खी प्रत असा बहुतेकांचा समज असतो, तो या एका ओळीने जातो, आणि ब्रँच करायची भीतीही त्याबरोबर जाते. नंतर मी मुद्दाम सांगते की तीन कमिट मागे जा आणि पुढचं सगळं सोडून द्या. ‘मॅडम, गेलं का सगळं?’ मग रीफ्लॉग, म्हणजे आपण कुठून कुठे गेलो याची गिटची नोंदवही, दाखवायचा. सुटून गेलेले कमिटही नेहमीच्या सेटिंगमध्ये त्यात निदान ३० दिवस सापडतात. पण जे गिटला कधी दिलंच नव्हतं ते गेलं, त्याला गिटकडे उत्तर नाही. हेही त्याच तासाला अनुभवू द्यावं लागतं, फालतू फाइलवर, म्हणजे पुढे कामाच्या फाइलवर तसं होत नाही.

या पद्धतीत माझं स्वतःचं फार थोडं आहे. ग्रेग विल्सन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत शास्त्रज्ञांसाठी सॉफ्टवेअर कार्पेंट्री सुरू केली. आज तिच्या वर्गांत शेल (कमांड टाइप करून संगणक चालवणं), प्रोग्रामिंग आणि व्हर्जन कंट्रोल शिकवतात. तिथे शिक्षक स्लाइड दाखवत नाही, वर्गासमोर स्वतः टाइप करतो, आणि प्रत्येकाकडे दोन रंगांच्या चिकट चिठ्ठ्या असतात: जमलं तर एक, अडलं तर दुसरी लॅपटॉपवर लावायची. आपल्याकडे वर्गात हात वर करून ‘मला कळलं नाही’ म्हणणं मुलांना जड जातं. चिठ्ठी लावायला संकोच वाटत नाही. मी हे तसंच उचललं. अमेरिकेतल्या एमआयटीमध्येही २०२० साली काही जणांनी मिळून एक वेगळी व्याख्यानमाला केली, कारण नेहमीच्या विषयांत ही साधनं वापरायला कुणी शिकवत नव्हतं. तिच्यातला गिटचा धडाही आतल्या रचनेपासूनच सुरू होतो. तेव्हा ही उणीव एकट्या आपल्या अभ्यासक्रमांची आहे असं मी म्हणत नाही.

वर्गांत आणि स्टाफरूममध्ये मला काही शंका वारंवार ऐकू येतात. पहिली, आज गिट आहे, उद्या दुसरं काही येईल. येऊ शकतं. पण अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये एससीसीएस हे व्हर्जन कंट्रोलचं सुरुवातीचं साधन तयार झालं १९७२ साली. त्यानंतर १९८२ मध्ये आरसीएस, मग सीव्हीएस, २००० मध्ये सुरू झालेलं सबव्हर्जन, आणि २००५ मध्ये गिट. साधनं बदलत गेली, पण कुणी काय बदललं, का बदललं आणि मागे कसं जायचं हे प्रश्न पन्नास वर्षं तेच आहेत. ज्याला ते प्रश्न कळले त्याला नवं साधन शिकायला आठवडा पुरतो. मी स्वतः सबव्हर्जनवरून गिटवर आले ती अशीच.

दुसरी शंका, लॅबला इंटरनेट धड नसतं. इथे गिटच्या जन्माची हकिगत उपयोगी पडते. लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं, म्हणजे कर्नलचं, काम २००२ पासून बिटकीपर नावाच्या खासगी साधनावर चालत होतं. त्याचा मोफत वापर २००५ मध्ये बंद झाला. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने त्याच वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला गिट लिहायला घेतलं, काही दिवसांतच गिटचा स्वतःचा कोड गिटमध्ये ठेवला जाऊ लागला, आणि जूनमध्ये कर्नलची २.६.१२ ही आवृत्ती गिटवरून निघाली. जुलैमध्ये त्याची देखभाल जुनिओ हामानो यांच्याकडे गेली. जगभर विखुरलेल्या, एकमेकांना क्वचितच भेटणाऱ्या माणसांसाठी हे साधन बनलं, म्हणून प्रत्येकाकडे इतिहासाची संपूर्ण प्रत असते आणि मधला सर्व्हर असलाच पाहिजे असं नाही. लॅबमधल्या एका मशीनवर सामायिक रिपॉझिटरी ठेवून मी आख्खा दिवस वर्ग घेतला आहे, इंटरनेटशिवाय. पेनड्राइव्हवरही ती ठेवता येते. त्यात बारीक अडचणी येतात: २०२२ पासून गिट दुसऱ्याच्या मालकीचं वाटणारं फोल्डर उघडायला आधी परवानगी मागतं. सामायिक पीसीवर आदल्या बॅचमधल्या मुलाचं नाव सेटिंगमध्ये राहून जातं आणि पुढचे सगळे कमिट त्याच्या नावावर पडतात. फाइलला मराठी नाव दिलं तर स्टेटसमध्ये ३४०, २४४ असे आकडे दिसतात, कोटपाथ हे सेटिंग बंद केलं की नीट देवनागरी दिसतं. एका ओळीचे उपाय आहेत. मॅन्युअलमध्ये ती ओळ असायला हवी, म्हणजे अनोळखी एरर पाहून शिक्षक आणि विद्यार्थी दोघंही खचणार नाहीत.

वेळ नाही, ही तिसरी शंका मी सगळ्यात गंभीरपणे घेते, कारण सत्राचे आठवडे किती कमी आहेत ते दिसतं. पण गिट हे डेटा स्ट्रक्चर शिकवणाऱ्यांच्या हाती आलेलं उत्तम उदाहरण आहे. हॅशिंग, ट्री, दिशा असलेला आणि चक्र नसलेला ग्राफ, सगळं त्यात आहे, आणि विद्यार्थ्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये आहे. बायसेक्ट ही कमांड म्हणजे सरळ बायनरी सर्च (दरवेळी अर्धे पर्याय बाद करत शोधणं): हजार कमिटमधला कोणता बिघाडाचा, हे दहाएक तपासण्यांत सापडतं. जे फळ्यावर शिकवलं ते हातात काम करताना दिसलं तर त्या विषयाचाच वेळ वाचतो.

उरला प्रश्न शिक्षकांचा, आणि तो खरा आहे. ज्या शिक्षकांनी स्वतः कधी टीममध्ये कोड जोडला नाही त्यांच्यावर एका परिपत्रकाने हे लादलं तर पुन्हा सात कमांड आणि स्क्रीनशॉट हेच होईल. म्हणून मी सुचवते की पहिल्या वर्षी विद्यार्थ्यांऐवजी शिक्षकांसाठी वर्ग व्हावेत, आणि त्यात व्याख्यानं नसावीत. पाच-सहा कॉलेजांतल्या शिक्षकांनी मिळून एका विषयाचं लॅब मॅन्युअल गिटमध्ये लिहावं. एकाच परिच्छेदावर दोघांनी काम करावं, कॉन्फ्लिक्ट यावा, तो दोघांनी बोलून सोडवावा. कॉन्फ्लिक्ट म्हणजे बिघाड नाही, दोघांचं मत वेगळं पडल्याची सूचना आहे, हे असं हाताने केल्यावर जसं कळतं तसं माझ्या सांगण्याने कळत नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात गिटवर धडे आहेत, पूर्वतयारीला ते चालतील.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार अभ्यासक्रमाची शिफारस करण्याचा अधिकार आपल्या मंडळांकडे आहे आणि ती पुढे विद्या परिषदेकडे जाते. येत्या फेररचनेत तीन बदल घडावेत अशी माझी विनंती आहे. पहिल्या सत्राच्या प्रोग्रामिंग लॅबच्या पहिल्या दोन प्रॅक्टिकलांत व्हर्जन कंट्रोल यावं. टर्मवर्कसाठी छापील जर्नलच्या जागी रिपॉझिटरी स्वीकारण्याची मुभा शिक्षकांना असावी. आणि प्रोजेक्टच्या मूल्यमापनात इतिहास उघडून प्रत्येक सदस्याला प्रश्न विचारणं परीक्षकांना बंधनकारक असावं.

याला जोडूनच एक सूचना. अभ्यासक्रम बदलला की नवी पीडीएफ येते, आणि जुनी शेजारी ठेवून काय गळलं, काय आलं हे प्रत्येक शिक्षक डोळ्यांनी शोधत बसतो. अभ्यासक्रमाचा मजकूरच एका खुल्या रिपॉझिटरीत ठेवला तर कोणत्या सुधारणेत कोणता घटक का बदलला हे कुणालाही पाहता येईल, आणि दूरच्या गावातल्या शिक्षकालाही नेमक्या ओळीवर आपली सूचना पाठवता येईल.

शिक्षकांच्या तीन दिवसांच्या वर्गाची आखणी, इंटरनेटशिवाय चालणाऱ्या लॅबची मांडणी आणि पहिल्या दोन प्रॅक्टिकलचा मराठी-इंग्रजी मसुदा माझ्याकडे तयार आहे. कोणत्याही मंडळाने मागितला तर विनामूल्य देते, आणि त्यात हवे ते बदल करायला कुणाचीही हरकत नसेल. बैठकीत येऊन शंकांना उत्तरं द्यायला, किंवा एखाद्या कॉलेजात पहिला वर्ग घ्यायला बोलावलंत तर रजा काढून येईन.

आपली विश्वासू,
पुण्यातील एक सॉफ्टवेअर डेव्हलपर